रविवारचे रोही

आमच्या पिशोर गावात माणूस मोकळ्या हाताने चालताना दिसला की लोकांना काळजी वाटते. हातात विळा असेल, डोक्यावर गवताचा भारा असेल, खांद्यावर फवारणीचा पंप असेल, गेला बाजार मागे एखादी शेळी तरी असेल, तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण सकाळी साडेसहाला पांढरे बूट घालून, दोन्ही हात हलवत, डोंगराकडे तोंड करून झपाझप निघालेला माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, "काय हरवलं?" आणि दहा-बारा माणसं एकदम तशी निघाली तर प्रश्न विचारायलाही कुणी थांबत नाही. म्हैस हरवली आहे आणि ती कुणातरी मोठ्या माणसाची आहे, असं धरून दोघं-चौघं सरळ मदतीलाच निघतात.

आमच्या रविवारच्या मंडळात असे दोन सभासद आहेत. पहिल्या दिवशी ते म्हैस शोधायला म्हणून आले आणि अजून येतात. म्हैस नव्हतीच, हे त्यातल्या एकाला आजही पूर्ण पटलेलं नाही. झुडपात काही खसफसलं की इतर सगळे दुर्बिणी सावरतात, आणि हा "हॅऽऽ हॅऽऽ" करून तिला बोलावतो.

मंडळाची स्थापना निसर्गप्रेमातून झाली, असं आमचे गुरुजी नव्या माणसाला सांगतात. खरी स्थापना साखरेच्या रिपोर्टातून झाली. एकाच महिन्यात गावातल्या चार प्रतिष्ठितांचे आकडे वर गेले आणि डॉक्टरांनी चौघांनाही एकच औषध लिहून दिलं: चाला. आता ज्याची स्वतःची पाच एकर जमीन आहे, त्याला चालायला सांगणं म्हणजे त्याचा अपमानच. "अहो डॉक्टर साहेब, मी दिवसभर वावरातच असतो," असं प्रत्येकाने सांगून पाहिलं. डॉक्टर गावातलेच. ते म्हणाले, "असता ना, पण बांधावर उभे असता." त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही.

मग कन्नडच्या रस्त्याने पहाटे चालणं सुरू झालं. पण उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे भोंगे आणि दर शंभर पावलांवर "काय हरवलं?" यामुळे साखर कमी होण्याऐवजी रक्तदाब वाढू लागला. तेव्हा गुरुजींनी तोडगा काढला, की आठवड्यातून एकदा तरी जिथे कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी जाऊ. असं ठिकाण आमच्या भागात एकच आहे.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर; काही आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, काही जळगावात. सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांवर साग, अंजन, सालई, धावडा, पळस असं पानगळीचं जंगल पसरलेलं आहे, आणि खाली चौफेर मका, कापूस, ऊस आणि अद्रक. समुद्र इथून इतका लांब, की आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो फक्त मुंबईला कामानिमित्त गेल्यावर पाहिलेला. पण गौताळ्यातल्या एखाद्या जनावराला विचारलंत, तर आपण बेटावर राहतो असंच ते सांगेल. फरक इतकाच, की या बेटाभोवतीचं पाणी हिरवं आहे, गोड आहे आणि रात्री कुंपण ओलांडून खाता येतं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

अभयारण्याच्या नावातलं औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ नंतरची दहा वर्षं हा इंग्रज अधिकारी खानदेशात होता आणि त्याने भिल्लांचं पलटण उभं केलं. चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला त्याचं नाव पडलं. आमच्या मंडळात मात्र हा साहेब औट्रम, आऊटराम, आत्राम अशा बऱ्याच रूपांत वावरतो. एलआयसीवाले काका तर तो रामाचाच कुठलातरी अवतार असल्यासारखं बोलतात. जवळच सीता न्हाणी आहे, गौतम ऋषींचं स्थान सांगितलं जातं, तेव्हा एखादा राम असायलाच पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

आता मंडळी ओळखून घ्या. गुरुजी गणिताचे, निवृत्त, मंडळाचे अध्यक्ष आणि नोंदवहीचे मालक. कृषी सेवा केंद्रवाले आप्पा, मेडिकलवाले भाऊ, हे एलआयसीवाले काका, जिल्हा परिषद शाळेतल्या दोन मॅडम, दुकानातून दोन-तीन तास सुटका हवी असलेले काही व्यापारी, एक कॅमेरावाला पोरगा आणि ते म्हैसवाले दोघं. यातल्या थोरल्या मॅडमना पक्ष्यांचं खरंखुरं कळतं. त्यामुळे त्यांचं कुणी ऐकत नाही.

आप्पांची नजर मात्र तयार. तीस वर्षं दुकानात बसून त्यांनी वनस्पतिशास्त्राची स्वतःची पद्धत बसवली आहे. झाड कोणतं, यापेक्षा ते कशाने मरतं हे त्यांना आधी आठवतं. पावसाळ्यानंतर गौताळ्याच्या पायवाटेवर एक नाजूक निळं फूल उमललं होतं. धाकट्या मॅडम गुडघ्यांवर बसून फोटो काढत होत्या, "किती गोड आहे ना!" म्हणत होत्या. आप्पा मागून वाकले, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "टू-फोर-डी. दोन फवारे. आठ दिवसांत बसतं." त्या दिवसापासून कुठलंही रानफूल दिसलं की मॅडम आधी आप्पा किती लांब आहेत ते बघतात.

मेडिकलवाल्या भाऊंकडे ॲप आहे. मोबाइल वर धरायचा, पक्षी ओरडला की ॲप नाव सांगतं. मर्लिन म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ते काढलं आहे. भाऊंचा त्याच्यावर इतका विश्वास, की समोर फांदीवर बसलेला कोतवालसुद्धा ॲपने सांगितल्याशिवाय ते मान्य करत नाहीत. ऐन जानेवारीत एकदा ॲपने कोकिळा दाखवली. थोरल्या मॅडम म्हणाल्या, या दिवसांत कोकिळा गात नाही. भाऊ म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही. वाद वाढला. पुन्हा कोकिळा बोलली, पुन्हा ॲपने दाखवली, सगळे माना वर करून सालईच्या फांद्या धुंडाळू लागले, आणि काकांनी खिशातून फोन काढून "हॅलो, हां बोला, हप्ता भरला का?" असं विचारलं. भाऊंचं म्हणणं अजून असं, की ॲप चुकलं नव्हतं. आवाज कोकिळेचाच होता.

गुरुजींची नोंदवही हा स्वतंत्र विषय आहे. निवृत्त होताना त्यांनी शाळेतून दुसरं काही आणलं नाही, पण कोऱ्या हजेरीपत्रकांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे उरला. मग पक्ष्यांची नोंद हजेरीपत्रकातच होणार. डाव्या रकान्यात नावं: मोर, तित्तिर, भारद्वाज, तांबट, टिटवी, हुप्पी, धनेश. पुढे रविवारच्या तारखा. दिसला तर 'ह', नाही दिसला तर 'गै'. सलग तीन रविवार गैरहजर राहिलेल्या पक्ष्याच्या नावापुढे लाल शाईने शेरा येतो. धनेशाच्या नावापुढे एकदा 'पालकांस कळवावे' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नवरंग बहुतेक वर्षभर गैरहजर असतो. पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे निघून जातो. मॅडमनी गुरुजींना हे समजावून सांगितलं. गुरुजींनी ते ऐकून घेतलं आणि पुढे लिहिलं, 'स्थलांतरित कुटुंब. सवलत द्यावी.'

गुरुजी मोजणीत हरतात ते फक्त सातभाईंपुढे. हे पक्षी कधी सहा निघतात, कधी दहा, आणि कधीही एका जागी ठरत नाहीत. खाली पाचोळ्यात उतरून एकेक पान उलटतात, कलकल करतात, भांडतात, एकमेकांची पिसं साफ करतात, आणि मोजायला बोट वर केलं की शेवटचा पहिल्याच्या जागी जाऊन बसतो. गुरुजींना हे लागतं, कारण हा प्रदेश गणिताचा आहे. अभयारण्याच्या खानदेशाकडच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. तिथे सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. १८६५ साली भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. आणि खुद्द भास्कराचार्यांच्या लीलावतीत भुंग्यांच्या थव्याचं गणित आहे: पाचवा हिस्सा एका फुलावर, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, त्या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक बिचारा हवेतच भिरभिरत उरलेला. भुंगे एकूण किती? उत्तर पंधरा. दरवेळी पंधरा, साडेआठशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी पंधराच. "त्या काळी पाखरांना शिस्त होती," असं गुरुजी म्हणतात.

थोरल्या मॅडमनी सातभाईंबद्दल एक गोष्ट दाखवली, ती मात्र मी विसरलो नाही. सगळे खाली खात असतात तेव्हा एक जण वर फांदीवर बसून राहतो. खात नाही, भांडत नाही. नुसता इकडेतिकडे बघतो. शिकरा किंवा मांजर दिसलं की हाळी देतो आणि सगळा थवा उडतो. थोड्या वेळाने तो खाली उतरतो, दुसरा वर जातो. आमच्या मंडळात अशी पाळी लावावी, असा ठराव लगेच झाला. वर बघत राहण्याचं काम पहिल्यांदा कॅमेरावाल्या पोराकडे आलं. तो दोन मिनिटं वर बघत होता, मग मोबाइलमध्ये बघू लागला, आणि सगळे भेळ खात असताना माकडाने भेळेची दुसरी पिशवी नेली.

आता बिबट्या. गौताळ्यात बिबट्या आहे, याबद्दल शंका नाही. आमच्यापैकी कुणी तो पाहिलेला नाही, याबद्दलही नाही. पण मोबाइलवर तो आम्ही दर हिवाळ्यात बघतो. रात्री अकरा वाजता फोटो येतो. खाली मजकूर, 'पिशोर घाट, आज पहाटे, काळजी घ्या, शेअर करा'. तोच फोटो तालुक्यातल्या बाकी गावांत त्या-त्या गावाच्या नावाने फिरत असतो. एका वर्षी तर फोटोतल्या बिबट्याच्या मागे हत्ती उभा होता. म्हैसवाल्या सभासदाने तो जवळून निरखला आणि म्हणाला, "बिबट्याचं सोडा ना भो, ती मागची कोणाची हाये?"

बिबट्या दिसत नाही याचं कारण आम्ही बोलतो, असं मॅडमचं निदान. एका रविवारी हिवरखेड्याच्या नाक्यातून आत गेल्यावर एक तास मौन पाळायचं ठरलं. काकांच्या दृष्टीने ही पॉलिसीच चुकीची होती, पण बहुमतापुढे ते झुकले. पहिली सात-आठ मिनिटं त्यांनी हातवाऱ्यांवर काढली. मग त्यांनी हवेत काहीतरी लिहून दाखवलं, ते कुणाला कळलं नाही, म्हणून जमिनीवर काडीने लिहिलं: 'तुमची मॅच्युरिटी मार्चमध्ये आहे.' ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो आनंदाने इतक्या मोठ्यांदा "खरं का!" म्हणाला, की तळ्यावरचे बगळे उठून गेले.

मौन एकदाच यशस्वी झालं, आणि तेही न ठरवता. पायवाटेच्या कडेला कमरेइतकं उंच वारूळ होतं. ते एका बाजूने फोडलेलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर मातीत शेजारी-शेजारी चार खोल चरे, बोटभर रुंद, वरून खाली ओढलेले. आतली माती अजून ओली, काळसर. आणि त्या भोकाच्या तोंडाशी वाळव्यांची नुसती धावपळ. खाली पालापाचोळ्यावर मातीचा भुगा उडालेला, कुणीतरी जोरात फुंकर मारावी तसा. आप्पा म्हणाले, "जेसीबी कामून आणला असंल इथं?" मॅडमनी शांतपणे सांगितलं, की अस्वल नखांनी वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं आणि मग वाळवी तोंडाने ओढून घेतं, तो आवाज बराच लांबवर ऐकू येतो. मग त्यांनी माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "फार वेळ झालेला नाही."

त्यानंतर आमच्यात कुणीही काही बोललं नाही. परतीचं अंतर तेच होतं, पण मंडळाच्या इतिहासात ते इतक्या कमी वेळात कधीच कापलं गेलं नव्हतं. काका सर्वांत पुढे होते. गाडीत बसल्यावरच त्यांनी तोंड उघडलं आणि आम्हा सगळ्यांना अपघात विम्याची माहिती दिली. तिघांनी तिथेच अर्ज भरले.

२०२१ च्या मार्चमध्ये वाघ आला होता, तो मात्र कॅमेऱ्यातला खरा. वनखात्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये त्याचा फोटो निघाला. १९४० नंतर गौताळ्यात वाघाची पहिली नोंद झाली ती हीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून, सुमारे ३३० किलोमीटर चालत तो इथवर आला होता. मधे किती शेतं, किती रस्ते, किती गावं! डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पायात पांढरे बूट नाहीत. आमच्या मंडळात या बातमीने दोन तट पडले. एका गटाला अभिमान वाटला, की इतक्या लांबून येऊन राहावं असं आपल्या जंगलात काहीतरी आहे. दुसऱ्या गटाने पुढचे काही रविवार घरीच योगासनं करावीत असा विचार मांडला. दोन्ही गटांत तीच माणसं होती. गर्दीत ती पहिल्या गटात असायची.

जंगलात खोल न जाता कडेकडेने फिरायचं, अशी एक मधली वाट तेव्हा निघाली, आणि त्या निमित्ताने आम्ही पितळखोरा आणि अंतूरचा किल्ला पाहिला. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या जोडीची. तिथे खोदकामात डोक्यावर वाडगं घेतलेला, पोट सुटलेला, गालभर हसणारा यक्ष सापडला होता. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या सोनाराचं नाव कोरलेलं आहे, कान्हदास. आमच्या भागातला एवढा मनमोकळा हसणारा माणूस दिल्लीत जाऊन बसला, आणि पायऱ्या उतरून आलेले आम्ही दमून गप्प बसलेलो, हे काही बरोबर वाटलं नाही. त्याचं पोट बघून डॉक्टर काय म्हणाले असते, ही चर्चा मात्र चढ चढेपर्यंत पुरली.

अंतूरच्या वाटेवर आमच्या पिकअपवाल्याने नकाशातल्या बाईचं ऐकलं. ती "उजवीकडे वळा" म्हणाली, तो वळला. पुन्हा वळा म्हणाली, पुन्हा वळला, आणि आम्ही एकाच्या अद्रकाच्या वाफ्यांपुढे जाऊन उभे राहिलो. मालक ठिबकच्या नळ्या सरळ करत होता. त्याने मान वर करून विचारलं, "काय हरवलं?" मंडळाच्या स्थापनेपासून पहिल्यांदा आमच्याकडे खरं उत्तर होतं. रस्ता. त्याने हसत दाखवलाही. गंमत अशी, की नागापूर ते अंतूर या वाटेवर निजामशाहीच्या काळातला एक चौकोनी दगडी खांब उभा आहे. त्याच्यावर कोणत्या बाजूला कोणतं गाव ते फारसीत कोरून ठेवलं आहे. आमच्यात फारसी कुणालाच येत नाही. पण त्या दगडाने आजपर्यंत कुणाची गाडी अद्रकात घातली नाही, एवढं नक्की.

पावसाळ्यात, खरं सांगायचं तर, आम्ही जंगलाला सुट्टी देतो. तेव्हा धबधब्यांवर जी गर्दी लोटते, तिच्याबद्दल आप्पांचं औषध मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरा हंगाम दिवाळीनंतरचा. गवत पिवळं पडतं, सीताफळं संपत आलेली असतात, अंजना धरणाच्या पाण्यावर बदकं उतरू लागतात आणि आमच्या डब्यांत वरणबट्टी येते. अभयारण्यात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून बट्ट्या घरूनच भाजून, तुपात बुडवून आणतात. चालून जितकी साखर उतरते ती सगळी इथे परत मिळते. याच दिवसांत एकदा शेणकिड्याचा कार्यक्रम झाला. वाटेत रोह्यांच्या लेंड्यांचा ढीग होता. हे जनावर पुन्हा-पुन्हा एकाच जागी येऊन लेंड्या टाकतं, त्यामुळे ढीग चांगला घमेलंभर होतो. त्यातून एका काळ्या किड्याने स्वतःपेक्षा मोठी गोळी करून घेतली होती आणि तो पुढचे पाय जमिनीला टेकून, डोकं खाली, मागच्या पायांनी ती ढकलत निघाला होता. मधे एक काडी आडवी होती. गोळी चढायची, घसरायची, किडा तिच्याबरोबर उलटा पडायचा, उठायचा, गोळीवर चढून एक फेरी मारायचा आणि पुन्हा ढकलायला लागायचा. आम्ही सगळे त्याच्याभोवती उकिडवे बसलो. काकांनी पैज लावली. तो काडी पार करून गेला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या.

उभे राहिलो तर मागे एक शेळ्या राखणारे मामा काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत असावेत. म्हणाले, "तुम्ही शेण बघत होते तवा तुमच्या मागून डुकरं गेली. बारा-तेरा. पिलं धरून." गुरुजींनी ताबडतोब वही उघडली आणि नेमका आकडा विचारला. मामा म्हणाले, "म्या कशाला मोजू? माझी थोडीच हायेत?"

आता ज्याच्यासाठी एवढं चाललो त्या रोह्यांकडे येतो. पुस्तकात यांना नीलगाय म्हणतात. नर निळसर राखाडी, गळ्याशी पांढरा चट्टा, चिमुकली शिंगं, मादी तपकिरी. अंगाने घोड्याएवढं, पण चेहरा असा, की नुकतंच कुणीतरी यांना कर्जमाफीची तारीख पुढे गेल्याचं सांगितलं आहे. रविवारी गौताळ्यात हे दिसले की आमच्या मंडळात भक्तिभाव दाटतो. काका कुजबुजतात. भाऊ ॲप बंद करतात. आप्पांचा हात आपोआप छातीशी जातो आणि ते म्हणतात, "काय डौल हाये राव!"

हेच आप्पा शनिवारी रात्री कुठे असतात, ते सांगायला हवं. मक्याच्या वावरात, मचाणावर, कानटोपी घालून, हातात बॅटरी घेऊन. त्यांच्या मक्याभोवती चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या आहेत. घरातल्या तीन पिढ्यांच्या. रोही माणूस समजून बिचकतात म्हणे. पहिला आठवडा बिचकले. मग आप्पांनी झटका मशीन बसवलं. मग भोंगा आणला, त्यावर कुत्रं भुंकल्याचं रेकॉर्डिंग रात्रभर चालायचं. त्याने रोही गेले नाहीत, पण गावातली सगळी कुत्री आली. आता फटाके असतात. रात्री दोनच्या सुमारास आप्पांच्या वावरातून जी भाषा ऐकू येते, ती भोंग्यावर लावली असती तर कदाचित उपयोग झाला असता. कणसं दुधात आली, की एका रात्रीत चार सऱ्या आडव्या होतात. सकाळी पंचनाम्यासाठी फोटो काढताना आप्पांचा हात थरथरतो, ते मी पाहिलं आहे.

आणि त्याच सकाळी, फोटो काढून झाले की, तोंडावर पाणी मारून, पांढरे बूट घालून, ते साडेसहाला चौकात हजर असतात. मी एकदा त्यांना विचारलं, "आप्पा, रात्रभर ज्याला हाकललं त्यालाच बघायला पुन्हा एवढ्या लांब?" आप्पांनी माझ्याकडे, सोप्या गोष्टीवर अडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. "रात्री तो माझ्याकडं येतो," ते म्हणाले. "आता मी त्याच्याकडं आलो. पाहुण्यासारखं नको का वागाया?"

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार होता. गौताळा तलावाच्या वरच्या अंगाला, सागांच्या मोकळवणात, रोह्यांचा कळप उभा होता. आम्ही थांबलो. ते पळाले नाहीत. पुढचा नर मान वर करून, कान फिरवत आमच्या रांगेवरून नजर नेत होता. काका, गुरुजी, मॅडम, भाऊ, सगळ्यांवरून ती नजर सरळ गेली, आणि आप्पांवर येऊन थांबली. आप्पाही बघत राहिले. दोघांपैकी कुणीही डोळे हलवले नाहीत. नराच्या डाव्या शिंगावरून एक विटकी, जरीचा काठ असलेली चिंधी लोंबत होती.

"आप्पा," धाकट्या मॅडम हळूच म्हणाल्या, "ती साडी…"

"आमच्या आईची हाये," आप्पा म्हणाले. "लग्नातली."

मग बरंच दबक्या आवाजात ठरत राहिलं, की पंचनाम्याला हा फोटो पुरावा म्हणून चालेल का. कॅमेरावाल्या पोराने तोपर्यंत चाळीसेक काढलेही होते. म्हैसवाल्या सभासदाने एवढ्यात दोन पावलं पुढे जाऊन "हॅऽऽ हॅऽऽ" केलं आणि कळप उतारावरून खाली गेला, पिशोरच्या बाजूला. आप्पांनी घड्याळ बघितलं आणि ते बिनबोभाट गाडीकडे धावत सुटले.

गुरुजींनी मात्र तिथेच बसून त्या दिवसाची नोंद पुरी केली. रकाना रोही. हजर ९. शेरा: 'पैकी ४ आप्पांच्या ओळखीचे. एक गणवेशात.'